जर्मनचं विमान

सार्जंट किन्नाके दुकानात आले तेव्हा
मी लग्नातल्या गंजाचा पोचा काढत होतो.
दौलतजी, अल्युमिनियम ठोकता न?
म्हटलं, मी जर्मन ठोकतो,
ते दुसरं काय असते माहीत नाही.
म्हणाले, तेच. गंज जरा मोठा आहे.

आश्रमशाळेच्या चबुतऱ्यावर सव्वीस वर्षं
नाक वर करून उभं होतं ते,
लढाईतून निवृत्त, इंजिन काढून घेतलेलं,
पोटात सरकीच्या गोण्या, गांधीलमाश्या, कोणाची तरी एकच चप्पल.
नॅट म्हणतात, सार्जंट म्हणाले, म्हणजे चिलट.
इतकं लहान की शत्रूला दिसायचं नाही.
आम्हाला तर रोज दिसायचं,
म्हणूनच कोणी पाहत नव्हतं.

जिनिंगच्या गठाणी उचलायच्या साखळीनं
ते खाली घेतलं. वैशाख.
पहाटे चारला सुरू, आठला बंद,
नंतर पत्र्यावर हात ठेवला की हाताची भाकर.
बाहेरून माझी बाभळीची मोगरी,
आतून टेकू धरायला सातवीतली प्रणाली उईके,
कारण त्या पोटात दुसरं कोणी मावत नव्हतं.
ठोक, काका. थांब, काका. इकडं नाही, काका.
जन्मभर एकाही भांड्यानं मला
सांगितलं नव्हतं कुठं दुखतं ते.

एक रिबीट हरवला.
सार्जंट म्हणाले, सापडेपर्यंत कोणी घरी जाणार नाही.
म्हटलं, हे थोडंच उडणार आहे आता!
ते गुडघ्यावर बसून गवत विंचरत राहिले.
रात्री साडेनऊला सापडला,
माझ्याच दुमडलेल्या बाहीत.

मध्ये महिनाभर काम बंद.
शेपटीत पिंगळ्यानं अंडी घातली होती.
सार्जंटनी वहीत लिहिलं : विमान ताब्यात नाही.

उजव्या पंखावर गलोलीचे पोचे होते,
बारके, जवळजवळ.
त्यातले निम्मे माझ्या मनोहरचे असतील,
नेम चांगला होता त्याचा.
आता बुटीबोरीला असतो, दिवाळीला फोन करतो.
विचारलं, एक ठेवू का तसाच?
सार्जंट म्हणाले, विमान आहे, अल्बम नाही.
मी तोही काढला.

त्या रात्री विचारलं, तुम्ही कितीदा उडले असाल याच्यात?
एकदाही नाही, म्हणाले. मी खालचा माणूस.
जाताना मोजायचो, येताना मोजायचो.
आकडा जमायचा न?
त्यांनी पाना पुसायला घेतला.
पुसलेलाच होता.

गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दोरी सोडली.
सागाची शिडी, वच्छलाबाईनं शिवलेली गादी,
माणशी पन्नास आकडे बसायचं.
प्रणाली मोजायची, ओळखीच्यांना सावकाश.
तलाठी दोनदा रांगेत लागला.
पोडावरची एक म्हातारी शिडीपाशी थांबली,
डोक्यावर बाजाराचं गाठोडं तसंच.
हे उडते का?
नाही, माय.
मंग?

मी सार्जंटकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं.
ती चढलीच.
दांड्याला हात लावला नाही, आभाळाकडं पाहिलं नाही,
बाजूच्या पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं,
हाटात गंज घेताना वाजवतात तसं,
कान लावून ऐकलं,
म्हणाली, नाद बरा हाय.
कोणं ठोकला?

दिवे लागले तेव्हा रांग संपली.
सार्जंटनी वही काढली, दोन रकाने.
चढले तीनशे बारा.
उतरले तीनशे बारा.
पुन्हा एकदा बोट फिरवून मोजलं,
ओठ हलत होते.
मग काचेवर गोणपाट टाकलं
आणि चारी टोकं स्वतःच बांधली,
सोडायला वेळ लागेल अशी.