जोडणीला प्राधान्य

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान, चार फूट बाय नऊ.
खारं वारं चार्जिंगची तोंडं खातं,
त्यावर माझं पोट.

मथुराबाई पावसे आल्या. हाताला कोळंबीचा वास,
उजव्या कानात पांढरी गोळी,
दिगूनं दोह्याला बोट लागली तेव्हा घेतलेली, महागातली.
“मधीच तुटतंय,” म्हणाल्या. “बोलतो नि गिळतो.”

फोन कुठं असतो?
डाव्या कनवटीला.

म्हटलं, मग मधे तुम्ही येता, बाई.
माणूस म्हणजे बरंचसं पाणी,
नि ही लहर पाण्यात विरते.
त्या बघत राहिल्या माझ्याकडं.
“अरं, पान्यावरनंच तर बोलतोय तो.”

मी मान खाली घालून सेटिंग उघडलं.

सांगायला पुष्कळ होतं.
की लिलावाचा भोंगा, कारखान्याचं वायफाय,
समोरच्या टपरीतला डबा-स्पीकर
सगळे एकाच खाडीमुखातनं आत शिरतात,
भर ओहोटीला, एकमेकांना घासत.
की आवाज अख्खा येत नाही, पुड्या बांधून येतो,
हरवलेली पुडी फोन परत धाडतो,
एकदा, दोनदा, मग नाद सोडतो.
की पावसाळ्यासाठी आपण बोंबील सुकवतो
तसा पुढचा घासभर आवाज गोळीत साठवलेला असतो
आणि साठा संपला की उपास.

सांगितलं एवढंच, की दोन पर्याय आहेत:
आवाजाच्या दर्जाला प्राधान्य,
जोडणीला प्राधान्य.
दुसऱ्यावर मी टिचकी मारली.
नऊशे नव्वदवरून तीनशे तीस.
त्या जेट्टीपर्यंत चालून आल्या, लिलावाच्या गर्दीतून,
एकदाही तुटलं नाही.
पैसे घेतले नाहीत, तर काउंटरवर बांगडे ठेवले,
मोजून तीन.

चौथ्या दिवशी परत.
नीट येतंय ना?
“येतंय.”
स्टुलावर बसल्या. बराच वेळ गोळी बोटांत फिरवत.
“मागचं गेलं.”

मागचं म्हणजे?

“तो बोलायचा तेव्हा मागं इंजिन धपधपायचं.
एक पंखा होता, कुरकुरता.
मधीच कोण तरी हाक मारायचा,
आपल्या बोलीतली नाय.
आता नुसता दिगू बोलतोय,
शेजारच्या पडवीतनं बोलल्यागत.
बोट कुठं गेली?”

लोक माझ्याकडं मागचं घालवायला येतात.
त्यासाठी दीड हजार मोजतात, खोक्यावर वाचून.
मी गोळी पुसून माझ्या कानात घातली,
दोन्ही पर्याय आलटून पालटून ऐकले.
मला फरक कळला नाही, खरं सांगतो.
पंखा मला दोन्हीत ऐकू आला,
किंवा दोन्हीत नाही.

“तुटलं तरी चालंल,” त्या म्हणाल्या.
“तुटलं की मी थांबंन.”

नऊशे नव्वद.
फोन उजव्या कनवटीला खोचून घेतला,
तेवढं माझं ऐकलं.

टोपली डोक्यावर, निघाल्या जेट्टीकडं.
बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यापाशी तुटतं, मला ठाऊक आहे.
तिथं थांबल्या.
मागून टेम्पो हॉर्न मारत होता, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं.
एक हात टोपलीला, एक कानाला.
मग चालू लागल्या.