निबिमाचं शेपूट

आक्वापिमच्या टेकडीवर, तिसऱ्या खोलीत
सेर्वा आलेख पाहतेय.
रेषा चढते, ठीक चढते,
आणि उतरताना रेंगाळते,
'निघते हं' म्हणून चपला पायात घालून
तासभर दारातच बोलत राहणाऱ्या पाहुणीसारखी.

निबिमा. तापावरचं मूळ.
मोडलं की आत हळदीहून पिवळं.

कॉलम जुना. पंचवीस सेंटिमीटर पोलाद,
आत सिलिकाची पांढरी भुकटी,
कणाकणावर अठरा कार्बनांची लव.
चार वर्षांत यातून काय काय गेलं:
कडुनिंब, शेवगा, कुणाचं खोकल्याचं औषध,
एकदा घाईत न गाळलेला काढा.
लव झडली. जिथे सिलिका उघडी पडली
तिथे निबिमातलं कडू भेटलं
की तिला सोडवत नाही.

हे सेर्वाला माहीत होतं.
माहीत असून तिनं शेपटावर रेघ मारली,
रेघेच्या अलीकडचं तेवढं मोजलं,
अहवालात लिहिलं:
प्रमाण कमी. पोतं नामंजूर.

ओपानयिन ब्रेम्पोंग आला, भांडायला नव्हे.
भुवयांवर हरमॅटनची धूळ.
एक मूळ अंगावरच्या कापडाला पुसून
तिच्यापुढे धरलं. "चाव."
ती चावली.
"आत्ता नाही कळायचं," तो म्हणाला,
"हे उशिरा येतं, आणि लवकर जात नाही.
तुझं यंत्र किती वेळ थांबतं याच्यासाठी?"

संध्याकाळी केंकेचा घास कडू लागला.
रात्री दात घासले, तरी.

मग वीज गेली. दुमसोर.
मोबाईलच्या उजेडात तिनं कॅटलॉग उघडला.
हा फिनाइलचा, सपाट कडीला सपाट कडी ओळखते म्हणे.
हा पाण्याच्या ओढीचा, साखरांना बरा, इथे काय कामाचा.
हा फ्लोरिनवाला; किंमत वाचून तिनं पान उलटलं
आणि पुन्हा मागे येऊन वाचली.
आणि हा एक:
तेच अठरा कार्बन, पण अंगावर
धन भाराचा पुसटसा हात.
जवळ येऊ देतो, टेकू देतो,
मग पाठीवर अलगद ठेवून म्हणतो,
बरं, या आता.

पैसे एकाचेच होते. तिचे पाच पगार.
संचालक ओफोसुहेने चष्म्यावरून बघत म्हणाले,
"आणि पुढल्या वर्षी दुसरं झाड आलं तर?"
तिच्याकडे उत्तर नव्हतं.
सहीसाठी कागद पुढे सरकवला.

तेमा बंदरात खोकं नऊ आठवडे पडून.
रसायन की सुटा भाग,
जकातवाल्यांचं ठरेना.

आला तेव्हा बोटभर रुंद डब्यात, 
लग्नातल्या पेनासारखा कापसात निजलेला.
फ्रीजमधून तिनं ब्रेम्पोंगच्या मुळांची
राखून ठेवलेली भुकटी काढली.
सुई टोचली. पंपाची धाप लागली. ती उभीच.

रेषा चढली.
आणि उतरली,
विहिरीत सोडलेल्या दोरासारखी सरळ.

आकडा पुरा होता. पुऱ्याहून जरा वरच.

जुना अहवाल रद्द केल्याचं पत्र
घेऊन जायला ब्रेम्पोंगचा नातू आला.
ती म्हणाली, पोतं परत आणा, मंजूर आहे.
मुलगा म्हणाला, पोतं कुठलं?
आजोबांनी ते तेव्हाच
कोकोच्या झाडांखाली ओतलं.
पत्राची घडी करून त्यानं खिशात घातली,
आणि यंत्राकडे बोट करून विचारलं,
हे गरम होतं का?

जुना कॉलम तिनं टाकला नाही.
खणात आहे, कागद उडू नयेत म्हणून
कधीकधी वर येतो.

निबिमाच्या चाचणीला आता बारा मिनिटं पुरतात.
कार्यपद्धतीत तसंच लिहिलंय, ओफोसुहेनेंच्या सहीनिशी.
सेर्वा पंधरा लावते.
तीन मिनिटं रेषा सपाट चालत राहते,
कोणी येत नाही.
ती जिभेनं मागची दाढ चाचपते
आणि थांबते.