माफी

गावाचं नाव सूर.
शिक्का मारणाऱ्याने ते उच्चारलं तेव्हा वाटलं,
चला, नाव तरी ओळखीचं.
पुढची तीन वर्षं तो काही लागला नाही.

बायकोच्या पाटल्या विकून निघालो होतो.
ठरलं होतं दुबई, सुपरवायझर, एसी खोली.
मिळाला ओमानच्या टोकाला
समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना
आणि त्यात चुन्याची पोती वाहायची हमाली.
खडपे एजंटाने चुना लावला, असं मी घरी फोनवर सांगायचो,
तेही पोत्यावर बसून.
लांज्याचा हुसैनमियाँ पोट धरून हसायचा.
बाकीच्यांना त्यातली गंमत सांगता येत नसे.

पहिला अरबी शब्द शिकलो तो हा.
पगार? माफी.
सुट्टी? माफी.
म्हणजे नाही. शिल्लक नाही. नव्हतीच कधी.
आमच्याकडे ती चुकलेल्याने मागायची,
मोठ्या मनाच्याने द्यायची.
इथे ड्रायव्हरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत
कुणीही न मागता तोंडावर फेकायचा.

अण्णा गेले तेव्हा पासपोर्ट मस्कतला अडकलेला.
चुलतभावाने स्मशानात फोन उंच धरला.
सड्यावरच्या वाऱ्याचा आवाज एवढा
की बाकी काही ऐकूच येईना.
मग नेट गेलं, चित्र थिजलं,
आणि अण्णा बराच वेळ जळायचे थांबले.

त्या रात्री चाळीस पोती जास्त वाहिली.
कुणी सांगितलं नव्हतं.

खमीस आमच्या पाळीचा मुख्य,
गलबतं बांधणाऱ्यांच्या घरातला, बोटं जाड, बोलणं कमी.
त्याने मला आत बोलावून पंख्याखाली बसवलं,
दोन ग्लास पुढे ठेवले.
पहिल्यात पडद्यातून नुकतं उतरलेलं पाणी, निव्वळ.
त्याला चवच नव्हती,
जीभ स्वतःलाच चाटत राहिली.
‘हे भुकेलं पाणी,’ तो मोडक्या हिंदीत म्हणाला,
‘पोटात काही नाही, म्हणून भेटेल ते खातं.
लोखंड खातं. सिमेंट खातं.
असंच सोडलं तर गावाच्या नळांना भोकं पडतील.’
दुसऱ्यात माझ्या पोत्यातला चुना होता,
विड्याच्या पानाला बोट पुसावं, तेवढाच.

मी काही बोललो नाही.
मला वाटायचं, खारं ते सगळं गाळून टाकावं,
खडपे, पाटल्या, ती थिजलेली चिता,
मग आत स्वच्छ वाटेल.
आणि तसा होतही चाललो होतो,
बिनचवीचा,
रोज रात्री फोनवरून बायकोला कुरतडणारा.

लगेच काही बदललं नाही.
आधी मीटर वाचायला शिकलो, मग पंप लावायला.
एका शुक्रवारी बायकोला सांगितलं
की त्या ज्वाळा अजून दिसतात.
ती म्हणाली, मलाही.
बस, एवढंच. मग दोघंही वांग्याच्या भावाबद्दल बोललो.

शाळेच्या भिंतीला थंड पाण्याचा एक नळ आहे.
सुट्टीत पोरं त्याला तोंड लावतात,
दुपारी बंगाली मजूर कॅन भरून नेतात.
संध्याकाळी जाता जाता मी एक घोट घेऊन बघतो.
बरोबर असतं.
कुणाला माहीत नाही त्यात काय आहे
आणि ते कुणी घातलं.

गेल्या आठवड्यात खडपेचा फोन आला.
आवाज आटलेला.
भाचा घरी बसून आहे, कुठेतरी लाव,
मागचं मनात ठेवू नको.
समोर पंप टिकटिकत होता.
तोंडात एकच शब्द आला. माफी, म्हणालो.
पलीकडे तो रडायलाच लागला.
कोणत्या भाषेत बोललो होतो
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाच्याचे कागद मात्र मागवून घेतले.
खरं काम सांगितलं, खरा पगार, खरं ऊन.

मग नोंदवही उघडली.
सामू आठ पूर्णांक एक.
वेळ टाकली, खाली सही केली.