खजुराच्या करंज्या

फहाहीलला डिसेंबरात थंडी येते ती वाळूवरून,
चपला न काढता घरात शिरते.
आई हीटरपुढे पोळपाट मांडायची, म्हणायची,
राहुरीला आत्ता उसाला तुरे आले असतील.
आम्हा दोघांना तुरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं,
तरी आम्ही हो म्हणायचो.

नाताळ बुधवारी आला की बुधवारी पप्पा कामावर.
रिफायनरीला कुणाचा जन्म ठाऊक नसतो.
म्हणून आमचा येशू बहुतेक वर्षी शुक्रवारी जन्मला,
साडेअकरा ते साडेबारा,
मल्याळींचं आटोपल्यावर, तेलुगूंच्या आधी,
जिन्यावरच्या खोलीत, एकवीस माणसांत.
शांतवनकाका पेटी वाजवायचे. तिचा एक सूर मुका.
तो आला की सगळे जरा मोठ्यानं गायचे.

चांदणी पप्पांनी केली वेल्डिंगच्या सळयांची.
कामट्या कुठून आणणार? पतंगाचा कागदही नव्हता.
लॉन्ड्रीतून शर्टांवर येणारं पातळ प्लास्टिक ताणून लावलं,
आत चाळीसचा बल्ब.
पडद्याच्या अलीकडे टांगली,
तरी खालून दिसायचीच.

इमारतीचा हारिस, इजिप्तचा म्हातारा अबू रमदान,
एका रात्री वर आला.
चांदणीकडे बोट, मग हातांचा पाळणा:
बेबी? बॉय?
आईनं क्षणभर पप्पांकडे पाहिलं.
हो, म्हणाली. बॉय.
मबरूक, मबरूक करत तो चार करंज्या घेऊन उतरला,
आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला
लोकरीचे इवलेसे मोजे.
ते आमच्यात कुणाला बसण्यासारखे नव्हते.
आई दर वर्षी चांदणीखाली ठेवायची.

फेरी तर काढायलाच हवी. रस्त्यावर कशी काढणार?
चार घरं, एक जुनी कॅप्रिस,
काचा वर, नऊ जण, डफ कुणाच्या तरी मांडीवर.
सिग्नल लागला की आवाज खाली,
हिरवा झाला की मंगफपर्यंत वर.
एखादं कडवं दारात अर्धं राहिलं तर लिफ्टमध्ये पुरं.
सुहृदला वाटायचं,
देवदूतही मेंढपाळांकडे असेच आले असतील,
दाटीवाटीनं,
दुसऱ्याच्या कोपराखाली डोकं घालून.

करंजीत खोबरं हवं, हा आईचा कायदा.
पण पहिल्या वर्षी पगार लांबला,
आणि फोरमननं खजुराची पेटी दिलेली होती.
तिनं बिया काढल्या, तुपावर परतला, वर तीळ,
एक करंजी मोडून चाखली.
चालेल, म्हणाली. यंदापुरतं.
ते यंदा तेवीस वर्षं चाललं.

आता ती दोघं राहुरीला.
मी इथंच, जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.
ती इमारत पाडली. तिथं गाड्या लावतात,
मीही लावते.
सुट्टी अजून नाही. शुक्रवार अजून आहे.
पेटी कोण वाजवतं, मला नाव ठाऊक नाही,
पण सूर सगळे लागतात,
आणि माझं गाणं उगीचच एका जागी मोठं होतं.

काल आईचा फोन.
कुणी येणार आहे का गं इकडे?
खजूर पाठव. तो काळा, चिकट. तिथलाच.
म्हटलं, अगं, बाजारभर खोबरं आहे तुझ्याकडे,
आता कशाला?
ती गप्प. कढईतला झारा तेवढा ऐकू आला.
केल्या गं खोबऱ्याच्या, म्हणाली. चांगल्या झाल्या.
नाताळच्या नाही लागत.

मागून पप्पा: विचार तिला, थंडी पडली का तिकडं.
पडली, म्हटलं.
आणि उसाला तुरे आले का हो?
थांब, म्हणाले, बघून सांगतो,
आणि फोन तसाच ठेवून
खरंच बाहेर गेले.