अकरा दात

मुर्ताझने विचारलं, "दात किती?"
कुतैसीच्या बाजारात, सुट्या भागांच्या टपरीत,
ग्रीसचा आणि कालच्या पावाचा वास,
आणि मी, चाळीस वर्षं लोकांचे दात मोजलेली बाई,
गप्प.

मग पिशवीतून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
सात-आठ किलोंचा, तेलकट,
जुना स्टार्टर.
बोटाने मोजले. अकरा.
एक झिजलेला, दोघांचे टवके उडालेले.
"किडलेत," मी म्हटलं. तो हसला नाही.
"फ्लायव्हीलच्या दातांशी जुळायला हवेत.
नाहीतर हे त्यांना खातील."
हे मात्र मला समजलं. वरचे, खालचे. चावा.

गाडी सत्त्याऐंशीची निवा.
दवाखाना बंद पडला तेव्हा थकलेल्या पगारात मिळाली.
दारावरचा लाल क्रॉस मीच रंगवून झाकला,
उन्हात अजून दिसतो.

फळीवर एक होता भंगारातल्या गाडीचा. चाळीस लारी.
ती गाडी कशाने मेली, मुर्ताझला ठाऊक नाही,
आणि दुसऱ्याच्या तोंडातला दात
मी कधी कुणाला बसवला नाही.
दात कोरून पोट भरत नाही, तेही खरंच.

नाहीतर माझाच, दुरुस्त करून:
नवे कार्बन ब्रश, नवी बुश, आर्मेचर घासून.
"तीन दिवस लागतील, कालबातोनो लामारा.
दोन हिवाळे काढेल."

नाहीतर नवा. अर्ध्या वजनाचा, पोटात गिअर,
बॅटरी अर्धमेली असली तरी गरगर फिरणारा.
"फक्त याला हातोडीने ठोकायचं नाही.
आत चुंबकं आहेत, तडकतात."
मी ठोकते, हे याला कुणी सांगितलं?

जन्मभर खुर्चीतल्या माणसांना सांगत आले,
आपला दात तो आपला, वाचतोय तोवर वाचवा.
कितीजणांना रडवलं त्यापायी.

पण तीन हिवाळे ही गाडी
किल्लीवर चालू झालीच नाही.
त्सिआलाची दोन पोरं ढकलायची, बेसो आणि रेझी,
चपलांतच बर्फात उतरून, शिव्या देत, हसत.
सप्टेंबरात दोघं पोलंडला गेली.
सॉसेजच्या कारखान्यात रात्रपाळी.
आता उतारावर लावते, टायरखाली दगड ठेवून,
आणि आमच्या गल्लीत ढकलू शकेल असा
सर्वांत तरुण माणूस मीच आहे.

"नवा किती वर्षं जाईल?"
मुर्ताझने खांदे उडवले. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."
दिला.
जुना परत दिला तर पंधरा लारी सूट होती.
दिला नाही. का, ते विचारू नका.

सकाळी किल्ली फिरवली.
एवढासा आवाज. शिंक दाबावी तसा.
कुत्रंसुद्धा उठलं नाही.
मी चार घरांची औषधं घेऊन खाली जाऊन आले.

संध्याकाळी त्सिआला फाटकात उभी, ओढणी घट्ट आवळून.
"आज गेलीसच नाही? मी चहा टाकून बसले.
तुझी गाडी खरखरली की उठते मी,
वाटतं, आता पोरांना हाक मारशील."

मी काय सांगणार. पंचाऐंशी लारींची पावती खिशात होती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता, गाडी चालू करण्याआधी,
दोनदा हॉर्न वाजवला.
तिच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत
किल्लीवर हात ठेवून थांबले.