पायरीवरचे कपडे

सहाची बॅच संपते, पण आम्ही लगेच घरी जात नाही.
त्र्यंबक रोडवर, तलावाबाहेरच्या टपरीशी थांबतो,
केस ओले, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ,
नाकात अजून क्लोरीन,
आणि बोलणं फक्त पाण्याचं.

पगार काका एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं.
म्हणतात, पहिले तीन महिने
मी पाण्यात स्टेअरिंगच धरून होतो,
मनगट सैल सोडायला तयारच नाही.
मग एका मंगळवारी सुटलं.
कसं, ते सांगता येत नाही,
द्वारकेचा सिग्नल लांबूनच हिरवा दिसावा
तसं.

तस्लीम वडाळ्याची. मुलीला घेऊन यायची,
बाकावर बसून वाटाणे सोलायची.
एकदा मुलगी काठाला लटकून म्हणाली,
अम्मी, तू फक्त बघतेस.
आता अम्मी पंचवीस मीटरला लेकीच्या दोन हात पुढे.
हे तस्लीम सांगत नाही.
मुलगीच सांगते, जराशा रागाने.

सोनवणे गंगेवरचा.
रामकुंडात पडलेली नाणी बुडी मारून काढत वाढलेला.
त्याला वाटलं होतं, यात शिकायचं काय?
इथे आला आणि कळलं
आपण पोहत नव्हतो, नदी नेत होती.
उभ्या पाण्यात त्याला आयुष्यात पहिल्यांदा दम लागला.
हे तो बशीतला चहा फुंकत सांगतो,
वर न बघता.

माझी पाळी आली की मी गांगुर्डे सरांचं सांगते.
बुडत्याचा पाय खोलात का जातो, मॅडम?
डोकं वर काढतो म्हणून.
मान टाका. तळाची फरशी वाचा.
मी वाचली. निळ्या ओळीत एकच फरशी पांढरी आहे,
कधीतरी बदललेली.
आणि श्वास.
प्रेसमध्ये बत्तीस वर्षं मी नोटा तपासल्या,
मोजणी चुकू नये म्हणून श्वास धरून.
तसाच धरून पाण्यात उतरायचे.
सर म्हणाले, सोडा तो पाण्यात.
जुना सोडल्याशिवाय नवा ठेवणार कुठे?

इथवर सांगते. सगळे हसतात.
पगार काका आणखी एक चहा सांगतात.

त्याच्या आधीचं सांगत नाही.
गाडगे महाराज पुलाजवळ, मे महिन्याच्या दुपारी,
माझे तीन भाऊ सूर मारायचे
आणि मी पायरीवर कपडे राखायचे.
तीन शर्ट, तीन चड्ड्या,
बापूचं घड्याळ माझ्या मनगटावर, कोपरापर्यंत घसरणारं.
कोण किती वेळ पाण्याखाली, ते मी सांगायचं.
मी सेकंदकाट्याकडे बघत असायचे,
त्यांचा श्वास मोजत,
माझा धरून.
प्रेसचं सांगते ते खोटं नाही. अर्धं आहे.
तू पोहू नकोस, असं कुणी म्हटलं नव्हतं.
कपडे कुणीतरी राखायला हवे होते,
एवढंच.

गेल्या रविवारी बापू आला होता.
गुडघा बदललाय, हातात काठी.
गॅलरीच्या खालच्या पायरीवर बसला.
मी टॉवेल, चष्मा, घराची किल्ली
त्याच्या मांडीवर ठेवली आणि न बोलता उतरले.
जाताना तीन हातांना एक श्वास.
येताना मान उजवीकडे वळली की
काठावर एक धूसर पांढरा ठिपका,
आहे,
आहे,
अजून आहे.

वर आले. विचारलं, किती वेळ लागला?
कशाला? म्हणाला.
मी तुझा चष्मा बघत होतो. दांडी सैल झालीये,
येताना दुरुस्त करून आणतो.

सोमवारी टपरीवर हे सांगायचं ठरवलं होतं.
तेवढ्यात सोनवणेने भिंतीला पाय मारून वळायचा विषय काढला,
आणि आम्ही सगळे
चहाचे ग्लास हातात धरून, भर रस्त्यात,
वळून दाखवू लागलो.