उरलेलं

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
"मैत्रिणीसाठी विचारतेय," ती म्हणते.
विचार, मी म्हणतो.
इथे सगळे आधी मैत्रिणीसाठीच विचारतात.
मीही मित्रासाठी विचारलं होतं,
तेव्हा दुलूथमधल्या एका औषधांच्या दुकानात
माझ्या छातीवर नावाचा बिल्ला होता.

तिच्या मागे जहाजाचा भोंगा.
म्हणजे पुलाजवळ गाडी लावून बसलीय.
बाहेर उणे बावीस.
हीटर चालू आहे ना?
आहे.
बरं.

मग ती सांगायला लागते,
पाळी बदलताना पेशंट सोपवावा तशी, सपाट आवाजात:
वय चौतीस, ऑपरेशन थिएटरातली नर्स,
पन्नास पेशंटला गेलं, पन्नास उरलं.
उरलेलं सिंकमध्ये ओतायचं,
एकीने ओतायचं, दुसरीने बघायचं, दोघींनी सही.
"रॉक्सान बघतच नाही. सही करून टाकते.
तिचा माझ्यावर विश्वास आहे."
इथे आवाज फुटतो.
मैत्रीण कुठल्या कुठे राहते.

"पेशंटला कमी पडू दिलं नाही. एकदाही."
मी गप्प.
"एकदा.
फेब्रुवारीत. खुब्याचं हाड मोडलेले आजोबा.
माझाच हात धरून होते ते, रात्रभर."

नाव विचारणार का?
नाही.
लायसन्स जाईल?
खोटं कशाला बोलू, काही महिने काम सुटेल.
कुणाला काय सांगायचं, ते उद्या बसून ठरवू, तू आणि मी.
आज कुणालाच नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
माझ्या मुठीत सात वर्षं
दोन गोळ्या होत्या, घामाने चिकट झालेल्या.
हे मी तिला सांगत नाही. किंवा सांगतो, आठवत नाही.

आत्ता आहे तुझ्याजवळ?
बराच वेळ नुसता हीटर.
"कोटाच्या खिशात."
मग आपण दोघं आहोत की.
एकाने ओतायचं, दुसऱ्याने बघायचं.

दार उघडल्याचा आवाज.
वारा एकदम कानात शिरतो,
सरोवरावरचा, लोखंडाच्या वासाचा असणार.
बर्फावर काही सांडलं तर आवाज होत नाही.
मला दिसत तर नाहीच.
रॉक्सानसारखा
मीही सही करतो:
दोन वाजून एक्कावन्न.
नावाची जागा कोरी.

"हॅलो," ती म्हणते, "आहात ना?"